छपरातून उजेड : घरामागच्या कामाच्या शेडसाठी

आपल्यापैकी कितीतरी घरांची रोजीरोटी घरामागच्या परसात उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालते. कुठे शिलाई मशीन असते, कुठे सुतारकामाचे टेबल, कुठे चप्पल बनवण्याचे काम, कुठे मोटर रिवाइंडिंग. शेड बांधताना पावसाचा विचार होतो, चोरीचा होतो, पैशांचा तर होतोच. उजेडाचा विचार मात्र राहून जातो. दोन-तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, खिडकीला जागा नाही आणि दारातून येणारा उजेड पाच-सहा फुटांवर संपतो. मग भर दुपारी बारा वाजता बल्ब लावून काम करावे लागते. वीज गेली की हात थांबतात.

आरोग्याच्या पानावर छपराची गोष्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जिथे माणूस दिवसाचे आठ-दहा तास बसतो, ती जागाच त्याचे डोळे, मान, बोटे आणि झोप बिघडवते किंवा सांभाळते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १७ मध्ये कामगारांच्या जागेत पुरेसा व योग्य उजेड असावा, आणि उजेडासाठीच्या काचेच्या खिडक्या व छपरातील झरोके स्वच्छ ठेवावेत, असे सांगितले होते. घरामागच्या शेडला निरीक्षक येत नाही. तिथली काळजी आपणच घ्यायची असते. भिंतीत खिडकी काढता येत नसेल तर उजेड यायला एकच वाट उरते, ती म्हणजे छप्पर. ती कशी उघडावी आणि उघडताना जिवाला धोका कसा होऊ देऊ नये, हे आम्ही या लेखात सांगत आहोत.

अपुऱ्या उजेडाने काय होते?

आधी एक गैरसमज दूर करू. कमी उजेडात काम केल्याने मोठ्या माणसाची नजर कायमची जाते, असे नाही. पण डोळ्यांवर ताण पडतो. डोळे चुरचुरतात, पाणी येते, कपाळ दुखते. नीट दिसावे म्हणून माणूस कामावर वाकतो. सुई आणि डोळे यांच्यातले अंतर दीड फुटावरून सहा-सात इंचांवर येते आणि मान व पाठ तासन्तास वाकलेली राहते. संध्याकाळी मानेला बाम चोळणाऱ्या अनेकांचा खरा आजार मानेत नसतो. तो कामाच्या टेबलावरच्या अंधारात असतो.

वय वाढते तसा उजेड जास्त लागतो. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडत जाते. म्हणून मुलाला पुरेसा वाटणारा उजेड त्याच शेडमध्ये बसणाऱ्या आईला पुरत नाही. ‘तुला दिसत नाही का?’ असे तिला विचारण्याआधी तिच्या मशीनवर उजेड किती पडतो ते पाहावे.

तिसरा धोका इजेचा. करवत, ग्राइंडर, लेथ, मशीनची सुई यांच्याजवळ अंधार म्हणजे बोटांना धोका. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण फिरणाऱ्या चाकाचा वेग त्याच्याशी जुळला तर चाक थांबल्यासारखे किंवा अगदी सावकाश फिरत असल्यासारखे दिसते. काही स्वस्त एलईडी दिव्यांतही हे होते. थांबलेले समजून कुणी हात घातला तर काय होईल, ते सांगायला नको. दिवसाच्या नैसर्गिक उजेडात हा भास होत नाही.

किती उजेड लागतो?

उजेड मोजण्याचे माप म्हणजे लक्स. घरात नुसते वावरायला शंभर लक्स पुरतात. साध्या सुतारकामाला साधारण ३०० आणि शिलाई किंवा तत्सम बारीक कामाला ५०० ते ७५० लक्स हवेत. आता बाहेर पाहा. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही उघड्यावर सुमारे १०,००० लक्स उजेड असतो आणि भर उन्हात तो एक लाखापर्यंत जातो. म्हणजे उजेडाचा तुटवडा नाही. आपल्या डोक्यावरचा पत्रा तो अडवून धरतो, एवढेच.

तुमच्या शेडमध्ये उजेड पुरेसा आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. दुपारी दिवा बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि रोजच्या जागेवर बसून सुईत दोरा ओवा किंवा वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचा. मान न वाकवता जमले तर उत्तम. हीच परीक्षा ढगाळ दिवशी पुन्हा करा. घरातल्या सर्वांत वयस्कर कामकऱ्याला ती करायला सांगा, म्हणजे खरे उत्तर मिळेल.

रीत जुनीच आहे

छपरातून उजेड घेणे ही काही नवी शोधून काढलेली गोष्ट नाही. कोकणातल्या कौलारू घरांत स्वयंपाकघरावर एक-दोन काचेची कौले बसवलेली असतात. धाब्याच्या घरांना उजेड यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून वर एक भोक ठेवत. काही भागांत त्याला साणे म्हणतात. मुंबईतल्या कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे अनेकांनी पाहिली असतील. त्या प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेकडे असे. त्यामुळे ऊन फारसे आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. विणाईचे काम अशा छपराखाली चाले, कारण तिथे तुटलेला धागा चटकन दिसावा लागतो. त्याच विणाई खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली होती. चांगल्या उजेडाची आणि चांगल्या मजुरीची जागा कुणाला मिळते, हा प्रश्न तेव्हाही होता.

छपराचा किती भाग उजेडाचा करावा?

इथे पुष्कळांचा अंदाज चुकतो. उजेड हवा म्हणून अर्ध्या छपराला पारदर्शक पत्रा घालतात आणि एप्रिलमध्ये शेडची भट्टी होते. म्हणून थोडा हिशेब करू.

समजा, शेड १० फूट बाय १५ फूट, म्हणजे दीडशे चौरस फुटांची आहे. तिच्या छपराचा विसावा भाग, म्हणजे साडेसात चौरस फूट, दुधी रंगाच्या पत्र्याचा केला. असा पत्रा साधारण निम्मा उजेड आत सोडतो आणि त्यातला निम्मा भिंती व सामान शोषून घेतात, असे धरू. बाहेर ढगाळ दिवशी १०,००० लक्स असतील तर आत सरासरी सव्वाशे लक्स मिळतात. दहावा भाग, म्हणजे १५ चौरस फूट, केला तर अडीचशे. स्वच्छ उन्हात हेच आकडे सात-आठ पटींनी वाढतात, म्हणजे विसाव्या भागातूनही हजाराच्या आसपास लक्स मिळतात.

आता उष्णतेचा हिशेब. भर दुपारी छपराच्या एका चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १००० वॅट उष्णता पडते. १५ चौरस फुटांच्या दुधी पत्र्यातून त्यातली सहाशे-सातशे वॅट सरळ आत येते. म्हणजे एक घरगुती इस्त्री दुपारभर चालू ठेवल्यासारखे झाले. छोट्या शेडमध्ये ही उष्णता अंगावर येते.

यावरून आमचा सल्ला असा : विसाव्या भागापासून सुरुवात करा आणि दहाव्या भागाच्या पुढे जाऊ नका. उजेडाची जागा कामाच्या टेबलावर येईल अशी निवडा. तिथे सरासरीपेक्षा जास्त उजेड मिळतो. एकच मोठी जागा करण्यापेक्षा दोन छोट्या, थोड्या अंतरावर केल्या तर सावल्या कमी पडतात. पावसाळी दिवसांत बारीक कामाला कमी पडणारा उजेड टेबलावरच्या छोट्या दिव्याने भरून काढा.

दिशा निवडता येत असेल तर छपराचा उत्तरेकडचा उतार घ्या. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मे महिन्याच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्या दिवसांत उत्तरेच्या उतारालाही ऊन लागते. पण वर्षातला बराच काळ तिथे ऊन तिरके पडते. पश्चिमेकडचा उतार शक्यतो टाळा, कारण तापलेल्या शेडमध्ये तिसऱ्या प्रहराचे ऊन आणखी भर घालते. अगदी पारदर्शक पत्र्यापेक्षा दुधी पत्रा बरा. पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा पट्टा सरळ कामावर पडतो, पटाशी किंवा कात्री चमकते, डोळे दिपतात आणि पट्ट्याबाहेरचे काहीच दिसत नाही.

कोणत्या छपराला काय करावे?

*कौलारू छप्पर :* सगळ्यांत सोपे काम. हवी तिथली मातीची कौले काढून त्याच मापाची काचेची कौले बसवायची. एका मंगळुरी कौलाने पाऊण चौरस फुटाच्या आसपास जागा झाकली जाते, म्हणून दहा कौलांत सात चौरस फुटांचा उजेड होतो.

*लोखंडी पन्हाळी पत्रा :* बाजारात याच पन्हाळीचे फायबरचे आणि पॉलिकार्बोनेटचे पत्रे मिळतात. फायबरचा स्वस्त असतो, पण काही वर्षांत पिवळा पडतो व त्याचे धागे वर येतात. पॉलिकार्बोनेट महाग असला तरी जास्त टिकतो. त्याच्या एका बाजूला ऊन सोसणारा थर असतो, ती बाजू वर यायला हवी. फॅब्रिकेशनवाल्याला हे विचारून घ्या. नेताना आपल्या पत्र्याच्या पन्हाळीचे माप घेऊन जा, कारण पन्हाळी जुळली नाही तर गळती ठरलेलीच. नवा पत्रा बसवताना त्याची वरची कड वरच्या पत्र्याखाली आणि खालची कड खालच्या पत्र्यावर, किमान सहा इंच एकमेकांवर येऊ द्या. हा जोड आधाराच्या आडव्या पाइपावर यावा. स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर मारावा, पाणी वाहते त्या खोलगटात नाही. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर हवा. पॉलिकार्बोनेट उन्हाने फुगतो, म्हणून त्याची भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवावीत आणि स्क्रू फार आवळू नये. आवळल्यास पत्रा तडकतो.

*सिमेंटचा पत्रा :* इथे थांबा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. तो कापला, फोडला किंवा त्याला भोक पाडले की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारे फुप्फुसाचे विकार आणि कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. आज भोक पाडणाऱ्या तरुणाला त्याची किंमत म्हातारपणी मोजावी लागते, आणि त्याच शेडमध्ये खेळणाऱ्या लेकरालाही. म्हणून सिमेंटच्या पत्र्यावर ड्रिल, करवत, छिन्नी काहीही चालवू नये. उजेड हवाच असेल तर पूर्ण पत्रा न फोडता, पाण्याने ओला करून, बोल्ट सोडवून सावकाश उतरवावा आणि त्या जागी त्याच पन्हाळीचा दुधी पत्रा बसवावा. काम करणाऱ्याने ॲस्बेस्टॉसचे तंतू अडवणारा (एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा) मास्क लावावा. मुलांना दूर ठेवावे. पडलेला कचरा कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधावा. उतरवलेल्या पत्र्याचे तुकडे करून चुलीला, न्हाणीला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला वापरू नयेत.

*स्लॅब :* स्लॅबला भोक पाडू नका. आतल्या सळ्या तुटतात, स्लॅब कमकुवत होतो आणि पावसाळ्यात गळतो. त्याऐवजी स्लॅबच्या लगत, भिंतीच्या वरच्या भागात काचेच्या विटा किंवा झडपेची खिडकी बसवता येते का ते पाहा.

बाटलीचा दिवा

ज्यांना पत्रा बदलणे परवडत नाही त्यांच्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती एका कामगाराच्याच डोक्यातून आली. ब्राझीलमधल्या उबेराबा शहरातील मेकॅनिक अल्फ्रेडो मोझर यांनी २००२ मध्ये, वीज वारंवार जात होती त्या काळात, आपल्या वर्कशॉपच्या छपरात पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या बसवल्या. पुढे २०११ पासून फिलिपिन्समध्ये हजारो गरीब घरांत ही युक्ती पोहोचली.

दीड किंवा दोन लिटरची स्वच्छ, रंग नसलेली बाटली घ्यायची. तिच्यात स्वच्छ पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून दोन टोपणे ब्लीच घालून झाकण घट्ट लावायचे. बाटलीचा एक तृतीयांश भाग छपरावर आणि उरलेला आत राहील अशी ती बसवायची. वरच्या भागावर पडलेला उजेड पाण्यातून वळून खाली चारी बाजूंना पसरतो. नुसत्या भोकातून उन्हाचा एक कवडसा पडतो. बाटलीमुळे खोलीभर उजेड होतो. चांगल्या उन्हात एका बाटलीचा उजेड ४० ते ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढा असतो.

बाटली सरळ छपरात बसवण्यापेक्षा आधी जमिनीवरच, एक फूट लांबी-रुंदीच्या पन्हाळी पत्र्याच्या तुकड्यात बसवावी, भोवती सिलिकॉन भरावे, दोन दिवस वाळू द्यावे. मग छपरात छोटे भोक पाडून हा तुकडा वर ठेवून स्क्रूने आवळावा आणि कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. बाटली उन्हाने काही वर्षांत ठिसूळ होते, तेव्हा दर उन्हाळ्यात तिला हात लावून पाहावा आणि कडक झाली असेल तर बदलावी. हा दिवा फक्त दिवसा चालतो आणि तो लोखंडी पत्र्यासाठी आहे. सिमेंटच्या पत्र्याला त्यासाठी भोक पाडू नये, हे पुन्हा सांगतो.

छपरावर चढण्यापूर्वी

उजेड आणताना माणूस गमावू नये. सिमेंटचा पत्रा, फायबरचा पत्रा आणि काचेची कौले माणसाचे वजन पेलत नाहीत. पत्रा वरून धड दिसतो, पाय ठेवला की फुटतो आणि माणूस दहा-बारा फुटांवरून थेट मशीनवर किंवा फरशीवर पडतो. म्हणून काही नियम पाळाच.

शक्य ते काम खालून, घोडीवर किंवा मजबूत शिडीवर उभे राहून करावे. वर जावेच लागले तर आधाराच्या दोन-तीन पाइपांवर येईल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चालावे. दोर किंवा सेफ्टी बेल्ट शेडला नाही, शेजारच्या पक्क्या आधाराला बांधावा. खाली एक माणूस थांबलेला हवा. वरून विजेची तार जात असेल तर काम सुरू करू नये. ओल्या छपरावर, वाऱ्यात आणि भर दुपारी चढू नये. दारू घेतलेल्या माणसाला चढू देऊ नये, मग तो कितीही सरावलेला असो. हे काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे, म्हणजे पावसाच्या आधी बादलीभर पाणी ओतून गळती तपासता येते.

उजेड आला, आता मांडणी

उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून किंवा समोरून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. उजेड पाठीमागून आला तर आपल्याच अंगाची सावली कामावर पडते. भिंतींना आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला पांढरा चुना किंवा रंग द्या. काळवंडलेली भिंत आलेला उजेड गिळून टाकते. पांढरी भिंत तो परत कामावर पाठवते. उजेडाचा पत्रा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, लांब दांड्याच्या मऊ फडक्याने धुवा. धूळ आणि शेवाळ यांमुळे त्यातला बराच उजेड अडतो.

उजेडाने काय होणार नाही?

उजेड म्हणजे हवा नव्हे. चप्पल चिकटवण्याचे सोल्यूशन, थिनर, पॉलिश, लाकडाचा भुसा यांच्यासाठी शेडला हवा खेळती हवीच. छपराला हात लावतच आहात तर वरच्या टोकाला पावसापासून झाकलेली फट ठेवा. गरम हवा वर चढून तिथून बाहेर पडते आणि दारातून ताजी आत येते. क्षयाचा रुग्ण घरात असेल तर हे आणखी महत्त्वाचे. काच आणि पॉलिकार्बोनेट यांतून उजेड येतो, पण जंतू मारणारे अतिनील किरण फारसे येत नाहीत.

त्याच कारणाने छपरातल्या उजेडात बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी रोज थोडा वेळ बाहेर उन्हात हातपाय उघडे ठेवून बसायला हवे. मात्र दिवसा डोळ्यांना नैसर्गिक उजेड मिळाला की शरीराचे घड्याळ नीट चालते आणि रात्री झोप बरी लागते, हा छपरातल्या उजेडाचा फायदा खरा आहे.

आणि सगळाच दोष उजेडाचा नसतो. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसणे स्वाभाविक आहे. चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो ते उगीच नाही. तो वेळेवर घ्यावा. चांगल्या उजेडातही धुरकट दिसणे, दिव्याभोवती कडी दिसणे ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात. सरकारी रुग्णालयांत त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. अचानक काळे ठिपके किंवा पडदा दिसू लागला, डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा आतला पडदा तपासून घ्यावा.

कुठून सुरुवात करावी?

खर्चाच्या क्रमाने सांगायचे तर आधी टेबल दाराच्या उजेडाकडे सरकवा, त्याला काहीच खर्च नाही. मग भिंतींना चुना द्या. मग पत्रा लोखंडी असेल तर टेबलावर एक-दोन बाटल्या बसवून महिनाभर पाहा. तेवढ्याने भागले नाही तर छपराच्या विसाव्या भागाला दुधी पत्रा घाला. शेड भाड्याची असेल तर घरमालकाला आधी विचारा आणि पत्र्याची पावती जपून ठेवा. प्रत्येक पायरीनंतर सुईत दोरा ओवण्याची परीक्षा पुन्हा घ्या, आणि ती घरातल्या सर्वांत वयस्कर कामकऱ्याला जमली की पुढचा खर्च थांबवा.